निळी खाडी
टर्पेंटाइनचा वास आला की नागावचा तो नवा बंगला आठवतो. आतली सजावट करणाऱ्या मॅडमनी माझं रेवसच्या खाडीचं, ओहोटीच्या वेळचं चित्र भिंतीला टेकवलं आणि शेजारी सोफ्याचं निळं कापड धरलं. "हा चिखल जरा निळा कराल? मालकांना तसंच आवडेल. पुढचे तीन बंगलेही माझ्याकडेच आहेत." मी म्हणालो, "ओहोटीला तिथं निळं काय नसतं, मॅडम." त्यांनी कापड चित्राच्या आणखी जवळ धरलं. बाहेर सुतारांचं कटर किंचाळत होतं. शेवटी पिशवीतून रंग नि टर्पेंटाइन काढलं आणि तिथेच फरशीवर बसून मी चिखलावर निळा रंग चढवला. तिन्ही बंगल्यांची कामं मला मिळाली, आज घर अशाच कामांवर चालतं. पण रेवसला लाँचची वाट बघताना मी हल्ली खाडीकडे पाठ करून उभा राहतो.