साठ पुसलेल्या चिठ्ठ्या

स्पिरिटात बुडणाऱ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनंच लिहायचं, हा मत्स्य संशोधन केंद्राचा पहिला नियम. शिकायला दोन मिनिटं लागतात. विसरायला तिथं नमुने गोळा करणाऱ्या ट्रुल्सला नऊ वर्षं लागली. त्या फेब्रुवारीत, कामाच्या पहिल्याच दिवशी, त्याची पेन्सिल धक्क्यावरच्या बर्फात कुठंतरी गडप झाली. खिशात पेन होतं, आणि पेनाचं अक्षर असं देखणं उमटत होतं की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. उरलेला हिवाळा त्यानं कॉड माशांच्या परांचे नखाएवढे तुकडे कापले, एकेक तुकडा एकेका नळीत टाकला आणि सोबत चिठ्ठी सरकवली : मासा कुठला, कुणी धरला, कधी. साठ नळ्या येलफ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या त्या चिंचोळ्या खाडीच्या, आतल्या पाण्यातल्या, साठ बाहेरच्या समुद्रातल्या.

एप्रिलमध्ये पेटी घेऊन तो फेरीबोटीवर चढला, पाय घसरला आणि एकशेवीस नळ्या डेकभर घरंगळत गेल्या. ट्रुल्स हसत हसत गोळा करू लागला. चिठ्ठ्या आत आहेत, मग काळजी कसली? सातव्या-आठव्या नळीपाशी त्याचं हसू थांबलं. प्रत्येक नळीत फिकट निळं स्पिरिट होतं आणि त्यात एक कोरा कागद निवांत डुंबत होता. आता कुठला तुकडा आतला आणि कुठला बाहेरचा, हे सांगणारं कुणी नव्हतं.

केंद्रातल्या साहेबांची बोलणी त्यानं खाल्ली असती. पण आतल्या पाण्यातले ते साठच्या साठ मासे हार्टविगचे होते.

हार्टविग बहात्तर वर्षांचा. फ्योर्डच्या अगदी आतल्या टोकाला त्याचं घर, आणि दोन माणसं भांडल्याशिवाय मावणार नाहीत एवढी त्याची बोट. आतल्या पाण्यात गळानं मासे धरणारा तो शेवटचाच. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "एकदा मागणी घालायला निघालो होतो, पण नेमके त्याच आठवड्यात मासे आले."

दर हिवाळ्यात उत्तरेच्या थंडगार समुद्रातून कॉडच्या झुंडी अंडी घालायला नॉर्वेच्या या लोफोटेन बेटांपाशी येतात. हार्टविगच्या भाषेत ते पाहुणे. पण येलफ्योर्डमध्ये एक वेगळं घराणं आहे, जे इथंच जन्मतं, इथंच अंडी घालतं आणि कधी बाहेर पडत नाही, असं तो पन्नास वर्षं सांगत आला होता. घरचा मासा बुटका, डोक्यानं मोठा, तांबूस. पाहुणा लांबट, फिका, घाईत असल्यासारखा. मासा बोटीत आला की हार्टविग एक डोळा बारीक करून निकाल द्यायचा. पाहुणे विकायला जात. घरचा मासा विकायचा नाही, हा त्याच्या बापाचा शिरस्ता. घरचे त्याच्या स्वयंपाकघरात उकडत, काळीज आणि गाभोळीसकट, आणि डबा भरून आसपासच्या चार घरी जात. वर्षाला वीस-पंचवीस पुरे होत.

फ्योर्डच्या तोंडाशी नकाशावर एक रेघ आहे. तिच्या आत मोठ्या जाळ्यांच्या बोटींना मनाई. त्या बोटींचे मालक आता म्हणू लागले होते की आत काय नि बाहेर काय, मासा एकच, काढा ती रेघ. मत्स्यखातं म्हणालं, वेगळं घराणं असेल तर पुरावा आणा. पुरावा म्हणजे रक्तामांसातली खूण. ती डोळ्याला दिसत नाही, प्रयोगशाळेत दिसते. रेघ गेली तर दोन हिवाळ्यांत येलफ्योर्ड साफ होणार, हे हार्टविगला कुणी सांगायला नको होतं. म्हणून त्यानं यंदा साठ मासे धरले. त्यातले पन्नास घरचे, असा त्याचा निकाल होता.

ट्रुल्स मासळीच्या वखारीत गेला तेव्हा बातमी त्याच्या आधीच पोचली होती. हार्टविग सुरी पुसत बसला होता. वजनकाट्यापाशी माग्नहिल होती, हार्टविगची मामेबहीण. तिच्या जिभेला सुट्टी नसे.

"किती चिठ्ठ्या पुसल्या?" तिनं विचारलं.

"सगळ्या."

"पहिलीतल्या पोरांना पेन्सिल का देतात, ते आज कळलं बघ मला."

हार्टविग बराच वेळ सुरीच पुसत राहिला. सुरी केव्हाच लख्ख झाली होती.

"उद्या सहाला ये," तो शेवटी म्हणाला. "दोन पेन्सिली आण."

"तीन आणतो."

"दोन आण. तिसरी माझ्याकडे आहे."

हंगाम सरत आला होता. अंडी घालून मासे पांगू लागले होते. पहिल्या दिवशी तीन मिळाले. दुसऱ्या दिवशी एकही नाही. बोटीत ट्रुल्स गुडघे छातीशी घेऊन बसे आणि त्याच्या वहीवर बारीक गारा पडत.

"या खडकावर," हार्टविग म्हणाला, "गळ तळाला टेकायच्या आत ओढ बसायची."

"आणि आता?"

"आता गळाला सोबत वाचायला काहीतरी द्यावं लागतं."

ट्रुल्स हसला. हार्टविग हसला नाही. दोरी बोटांत धरून तो पाण्याकडे बघत राहिला, दारावर थाप पडेल म्हणून कान देऊन बसलेल्या माणसासारखा.

तिसऱ्या दिवशी पाच, चौथ्या दिवशी दुपारपर्यंत दोन, आणि मग परतताना आणखी एक. हा शेवटचा त्यानं हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला. डोळा बारीक केला. पुन्हा बघितला.

"काय लिहू?" ट्रुल्सनं विचारलं.

"लिही, घरचा."

"नक्की?"

"लिही म्हटलं ना."

अकरा मासे झाले. नऊ घरचे, दोन पाहुणे. ट्रुल्सनं पेन्सिलीनं लिहिलं, वर फुंकर मारली, आणि पेन्सिलीला फुंकर लागत नाही हे त्याला मागाहून आठवलं.

मे महिन्यात निकालाचा कागद घेऊन तो हार्टविगच्या घरी गेला. टेबलावर उकडलेला मासा आणि सालासकट बटाटे होते. माग्नहिलही आली होती. तिनं त्याला बस म्हणायच्या आधी ताट पुढं सरकवलं.

"वाच आधी. तुझं असलं तोंड बघून जेवण जाणार नाही मला," ती म्हणाली.

"अकरापैकी घरचे दोन," ट्रुल्स म्हणाला.

हार्टविगनं बटाटा सोलायला घेतला.

"म्हणजे जन्मभर आपण पाहुणेच शिजवून खाल्ले?" माग्नहिल म्हणाली. "डबे काय, गाभोळी काय! चवीला काही म्हणायला जागा नव्हती, एवढं खरं." मग हार्टविगकडे बघून ती गप्प झाली. तिला गप्प झालेलं ट्रुल्स पहिल्यांदाच बघत होता.

"कुठले दोन?" हार्टविगनं विचारलं.

"तिसरा आणि अकरावा."

"तिसरा मी पाहुणा म्हटला होता."

"हो."

"अकराव्याला घरचा म्हटलं, पण खात्री नव्हती."

"दोन्ही माद्या आहेत," ट्रुल्स म्हणाला. "सख्ख्या बहिणी. दोनच सापडतात आणि त्याही बहिणी निघतात, म्हणजे आत अंडी घालणाऱ्या माद्या अगदी मोजक्या उरल्या असणार, असं केंद्राचं म्हणणं आहे."

"आणि रेघ?"

"रेघ राहिली. घराणं वेगळं आहे, हे सिद्ध झालं. तू म्हणत होतास ते खरं होतं, हार्टविग." पुढचं वाक्य ट्रुल्सनं ताटाकडे बघून सांगितलं. "पण रेघेच्या आत आता कुणालाच मासे धरता येणार नाहीत. गळानंसुद्धा नाही. दहा वर्षं."

बटाट्याची साल एका लांब पट्टीत खाली उतरली. हार्टविगनं बटाटा ताटात ठेवला आणि खाल्ला नाही. खिडकीतून धक्क्याला बांधलेली बोट दिसत होती. माग्नहिलनं उठून काही कारण नसताना चुलीवरचं भांडं इकडचं तिकडं केलं.

"मी पेन्सिलीनं लिहिलं असतं," ट्रुल्स म्हणाला, "तर त्या साठांत कदाचित आणखी घरचे निघाले असते. खात्याला वाटलं असतं, अजून बरेच आहेत. तुझा गळ तरी वाचला असता. चूक माझी आहे, हार्टविग. सगळी माझी."

हार्टविगनं पहिल्यांदाच मान वर केली.

"साठ मी मारले, तू फक्त नावं पुसलीस."