मावशींनी चाकं लावली

सगळे ‘चला’ म्हणत असताना ‘मी येणार नाही’ असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात? घाईनं उत्तर देऊ नका. मी मावशींना तसं म्हणताना पाहिलं आहे आणि त्याची त्यांना काय किंमत पडली, तेही पाहिलं आहे.

मावशी मूळच्या नागपूरच्या, पेशानं सर्जन. निवृत्तीनंतर काकांबरोबर मिनेसोटाच्या उत्तरेला एका तळ्याकाठी राहायला गेल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगात काकांचा जुना कोट, आणि एटीव्हीवर, म्हणजे चार जाड चाकांच्या उघड्या गाडीवर, बसल्या की वळूनही न बघता गाडी मागे घेत. काका ओरडायचे, “अगं, मागे झाड आहे!” त्या म्हणायच्या, “काल पण तिथंच होतं.”

हिवाळ्यात त्या गाडीची चारही चाकं काढून रणगाड्यासारखे रबरी पट्टे चढवत. पट्ट्यांवर वजन पसरतं, म्हणून गाडी भुसभुशीत बर्फात रुतत नाही. हिवाळा सरला की पट्टे उतरवून पुन्हा चाकं. हे काम त्यांनी कधी गॅरेजवाल्याला दिलं नाही. नट गोल फिरत आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे. मग अंगणात एक फेरी मारून पुन्हा पाना घ्यायचा. मी एकदा म्हटलं, “मावशी, आत्ताच तर टाइट केलेत.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “ऑपरेशन झाल्यावर पेशंटला बघायला जात नाही काय आपण?”

त्या चाकांना आसपास एक अर्थ होता. मावशींनी चाकं लावली म्हणजे तळ्यावरचा बर्फ आता भरवशाचा नाही, तळं बंद. मासे पकडायला येणारे गोरे म्हातारेसुद्धा आधी त्यांच्या गॅरेजकडे नजर टाकत आणि मग बर्फावर पाऊल ठेवत.

आणि आमच्या मंडळाची ती प्रसिद्ध मिसळ! दर मार्चमध्ये शहरातली मराठी कुटुंबं तिथं केबिन घेत आणि गोठलेल्या तळ्यातल्या बेटावर चूल पेटवून मिसळ खात. पातेली, पाव, लहान मुलं, सगळं मावशी आपल्या गाडीमागच्या घसरगाडीतून बेटावर नेत. मुलं किंचाळत, “फास्टर, मावशी!” त्या खरंच फास्ट नेत.

त्या वर्षी थंडी लवकर मोडली. मंडळी सकाळी पोचली तेव्हा पट्टे जमिनीवर पडले होते आणि मावशी शेवटचं चाक बसवत होत्या. मंडळाचा अध्यक्ष श्रीकांत, पुण्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. त्याचा चेहराच उतरला.

“मावशी, हे काय? लोक दुसऱ्या राज्यांतून फ्लाय करून आलेत. आता कॅन्सल कसं करू?”

“कॅन्सल काहून करतो? इथं अंगणात पेटव चूल.”

“बेटावरची मजा वेगळी असते यार. आणि बर्फ अजून फूटभर जाड आहे. मी चेक केलंय.”

“जाड आहे. पण कुजलाय तो, बापा. रंग बघ, कसा काळा पडला. अन् काठापाशी बघ, सुटून राहिलाय.”

खरंच, काठ आणि बर्फ यांच्या मध्ये काळ्या पाण्याची पट्टी दिसत होती. श्रीकांतनं त्यावर एक फळी टाकली. “झालं! पायी जाऊ.”

“बर्फावर चढायला फळी लागते, तिथं जायचं नसतं,” मावशी म्हणाल्या. कोणीतरी हसलं. चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मी तोंड उघडून तावातावानं जबाबदारीवर बोलू लागले. मावशींनी मला मध्येच तोडलं. “भाषण नको. गॅरेजमधली शिडी आण. अन् दोर.”

मुलांना त्यांनी हलू दिलं नाही. पालकांना डोळ्यांत डोळे घालून एवढंच म्हणाल्या, “तुमचं तुम्ही ठरवा. लेकरं माझ्याजवळ राहतील.” त्यावर वाद घालायची हिंमत कोणाला झाली नाही. सात-आठ मोठी माणसं मात्र निघाली. आणि काकाही निघाले.

“अहो, तुम्ही?”

“पाहुणे चाललेत आणि घरचं कोणी नाही, बरं दिसतं का ते?”

मावशींचा चेहरा पांढरा पडला. पण त्यांनी विनवलं नाही. पाण्यात पडलं तर बर्फात रोवून वर यायचे दोन टोचे काकांच्या गळ्यात अडकवले. “एकमेकांपासून लांब चाला. पातेलं उचलू नका, ओढा.”

मग आम्ही वाट बघत राहिलो. बेटावरून धूर निघाला. ऊन चढलं. तळ्यातून मधूनच लांबलचक, कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि मावशींच्या हातातला दोर आवळला जायचा. त्यांची नजर बेटावर नव्हती. ती काठच्या काळ्या पाण्यावर होती. ते रुंद होत होतं. फळीचं टोक सुटून पाण्यात लोंबू लागलं, तशी त्यांनी शिडी आडवी टाकली आणि तिच्यावर गुडघा रोवून बसल्या.

माणसं परतली तेव्हा काठचं रुंदावलेलं पाणी दिसताच हसण्याचे आवाज लांबूनच बंद झाले. एकेक जण शिडीवरून रांगत आला. काका शेवटी होते. मावशींनी त्यांचं मनगट धरलं, आणि ते पक्क्या जमिनीवर उभे राहिल्यावरही बराच वेळ सोडलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना धीर आला होता. “बघा मावशी, आलो की नाही?” श्रीकांत म्हणाला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशींचं स्टिकर फिरू लागलं: हातात पाना आणि वर ‘तळं बंद!’ मी चिडून म्हटलं, “निदान एकाचा तरी पाय आत जायला हवा होता, म्हणजे कळलं असतं.”

मावशींनी माझ्याकडे इतक्या कठोरपणे कधीच पाहिलं नव्हतं. “माझं खरं ठरावं म्हणून कोणी बुडायला पाहिजे होतं काय? सगळे परत आले. मला एवढंच पाहिजे होतं.”

त्या दिवशी माझा बराचसा क्रांतिकारकपणा गळून पडला. जो उरला, तो त्यांचा आहे.

पुढच्या वर्षी थंडी कडक होती. त्याच मावशींनी पट्टे चढवलेल्या गाडीवरून त्याच श्रीकांतला बेटावर नेलं आणि वाटेत मुद्दाम दोन गचके दिले. राग धरणं त्यांना जमत नसे.

गेल्या पानगळीत मावशी गेल्या. यंदाची मिसळ ठरली आहे, केबिन घेतल्या आहेत, ग्रुपवर ‘येस’चा पाऊस पडला आहे. आणि परवा काकांचा फोन आला. आवाज थकलेला होता. “अगं, पट्टे काढले मी आज. तळं बरं दिसत नाही. पण माझं कोण ऐकणार?”

आपण ऐकू या. चूल काकांच्या अंगणात मांडू या. तुम्ही त्या ग्रुपवर असाल तर तो आत्ता उघडा आणि स्वतःच्या नावानं लिहा: ‘बेटावर नाही.’ तुमचं तळं वेगळं असेल, तर तिथं लिहा. मी लिहिलं आहे. माझ्याखालची ओळ अजून रिकामी आहे. ती तुम्ही भरा.