दाराआडचा मुलगा

कुलूप उघडणाऱ्याला त्याचं नाव कुणी विचारत नाही, घाईघाईने नुसती हाक मारतात. म्हणून त्रेचाळीस वर्षं ते सगळ्यांचे चावीकाकाच राहिले. जिभेने तिरसट, हाताने अलगद, आणि एका बाबतीत पक्के हटवादी: घरमालकाचा होकार नसेल तर कुलपाला हात लावायचा नाही. ऐन उमेदीत त्यांनी एका गोडबोल्या भामट्याला दुसऱ्याचंच घर उघडून दिलं होतं. तेव्हापासून कानाला खडा.

त्या दुपारी खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंनी त्यांना दुकानातून जवळजवळ ओढतच आणलं. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या सिस्टर, म्हणजे निवृत्त नर्सबाई, सकाळपासून दार उघडत नव्हत्या.

काकांनी दार ठोठावलं.

"मी ठीक आहे. जा तुम्ही," आतून सुकलेला आवाज आला.

"कुलूप उघडू का, सिस्टर?"

"नको. हात लावू नका."

झालं. मालकीणच नको म्हणतेय म्हटल्यावर काकांनी पिशवी उचलली. काका दोन पायऱ्या उतरले असतील, तेवढ्यात आतून आकडे ऐकू आले.

"पाच, दोन, नऊ. परत सांगते. पाच, दोन, नऊ."

इंजेक्शन देण्याआधी मात्रा मोठ्याने दोनदा म्हणायची, ही सिस्टरांची जन्माची सवय. पण इथे इंजेक्शन कुणाला द्यायचं होतं? मग फोनच्या स्पीकरवरून एका पुरुषाचा करडा आवाज आला. "कार्ड झालं. आता फोनवर कोड येईल, तो वाचा. दार उघडलंत तर मुलगा आज कोठडीतून सुटणार नाही." आणि मागोमाग दुसरा, रडवेला. "आई, सांग ना गं लवकर. मला फार भीती वाटतेय."

"हा त्यांचाच मुलगा," ताई कुजबुजल्या. "आवाज ओळखते ना मी. तो तर परगावी नोकरीला आहे."

काकांना नातीचा खेळ आठवला. गेल्याच महिन्यात नातीने त्यांचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं एआयला ऐकवलं होतं, आणि फोनने त्यांच्याच आवाजात अख्खं दुकान नातीच्या नावावर केल्याचं सांगून टाकलं होतं. घरातले सगळे पोट धरून हसले. काकांना हसू आलं नव्हतं.

"त्या मुलाला फोन लावा," ते म्हणाले.

रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. तीच गत.

"कोड आलाय," आत सिस्टर म्हणाल्या. "थांबा, चष्मा कुठे ठेवला कुणास ठाऊक."

आयुष्यभराची पुंजी त्या चष्म्यापाशी अडकली होती. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. "मावशी, मी कामात आहे. काय झालं?"

"तू सुटलास का रे?"

"कुठून?"

काकांना तेवढं पुरलं. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच 'नको' ऐकल्यावर त्यांनी लॅचमध्ये तार घातली. तार दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लॅच उघडलं, पण आतून साखळी होती. चार बोटांच्या फटीत सिस्टरांचा पांढराफटक चेहरा दिसला. चष्मा सापडला होता.

"काका, पाया पडते, जा. मारतील हो त्याला."

काकांनी ताईंचा फोन फटीतून पुढे केला.

"आई, हे काय चाललंय?" फोन खेकसला. "कुणाशी बोलतेयस तू? ठेव तो फोन आधी. मला खरंच वेळ नाहीये."

टेबलावरचा फोन हुंदके देत म्हणाला, "त्याचं ऐकू नकोस गं. तो खोटा आहे. तू माझी आई ना?"

सिस्टर दोन मुलांच्या मध्ये उभ्या राहिल्या. मग त्या वळल्या, टेबलावरचा फोन बंद केला आणि साखळी काढली.

काकांनी आधी सिस्टरांना त्यांच्याच फोनवरून बँकेला सांगून कार्ड आणि खातं बंद करायला लावलं. पैसे जागेवर होते. मग कुठे त्यांना घाम पुसायचं सुचलं. "कसं ओळखलंत, सिस्टर?"

"खेकसला ना तो. म्हणजे माझाच." त्या खुर्चीवर बसल्या आणि एकदम रडू लागल्या. "सकाळपासून बोलत होता हो तो दुसरा. जेवलीस का, गुडघा कसा आहे, सगळं विचारलं. तो पोलीससाहेब फोनवरून उठला की आम्ही दोघंच बोलायचो. अडचणीत सापडल्यावर का होईना, आईची आठवण झाली, असं वाटलं मला."

ताईंचा फोन काकांच्या हातात अजून चालूच होता. पलीकडे मुलगा सगळं ऐकत होता.

"आई," शेवटी हलकेच शब्द आले, "गुडघा कसा आहे गं तुझा?"

सिस्टरांचं रडणं थांबलं. त्यांनी घाबरून काकांचा हात घट्ट धरला.

"काका," त्या म्हणाल्या, "हा कोण बोलतोय?"