लांबून आलेले शॉट

दिलीप, माझा नवरा, मंगळवारी वारला. शुक्रवारी आइस हॉकीची मॅच होती.

नंतरच्या मॅचना त्याच्या सीटवर मी बसू लागले. शेजारी त्याचा मॅचमधला मित्र, इथे जर्मनीत, एर्लांगेनच्या सॉफ्टवेअर कंपनीतला पुणेकर. याचा गुडघा सतत हलतो. प्रत्येक शॉट कुठून आला, ते तो मोबाइलवर टिपतो. दिलीप म्हणायचा, गोलकीपर डोळ्यांनी ओळखावा. हा म्हणायचा, “अडवलेल्या शॉटच्या नुसत्या टक्केवारीनेही कळत नाही. लांबून आलेले शॉट कोणीही अडवतो. जवळचे किती अडवले, ते सांग!”

काल मी दिलीपचं सीझन तिकीट परत करायचं ठरवून गेले होते. तिथे बसवत नव्हतं. आमच्या गोलकीपरवर गोलामागून गोल झाले, लोक शिट्ट्या मारू लागले. आता हा आकडे काढणार, असं मला वाटलं. त्याने मोबाइल खिशात टाकला.

“आकडे जाऊ द्या, वहिनी. गोलकीपर चांगलाच आहे, उभा कसा राहतो बघा. डोळ्यांना दिसतं ना!”

हे दिलीपचं बोलणं होतं. हा गुडघा हलवत उत्तराची वाट पाहत राहिला.

“अहो, पण शॉट लांबूनच होते, ते कोणीही अडवले असते,” मी म्हणाले.

“आल्झो, वहिनी!” जर्मनमधलं ‘अरेच्चा’ त्याच्या तोंडून निघालं. “तुम्हीपण?”

मॅच संपली तरी आम्ही भांडत होतो; तिकीट परत करायचं राहूनच गेलं. दिलीप नाही. त्याची सीट आणि हा वाद उरला आहे.