आईच्या टाचा आणि माझं क्रीम

कोकमाच्या बियांचं घट्ट तूप, म्हणजे भिरंडेल, दरवर्षी गावाहून आमच्या दहिसरच्या फ्लॅटमध्ये येतं. आई ते पळीत वितळवून टाचांच्या भेगांना चोळते आणि चादरींची वाट लावते. शेवटी वैतागून मी म्हटलं, याचं क्रीमच करते.

नेटवरच्या कृतीत इमल्सिफायिंग वॅक्स लिहिलं होतं. ते कशाला? घरात मिक्सर आहे ना! भिरंडेल आणि गुलाबपाणी फिरवलं, पांढरंशुभ्र क्रीम झालं. तासाभरात वर तुपाचा थर, खाली पाणी.

"कढी फुटली गं," आई म्हणाली.

दुसऱ्या खेपेला मुकाट्याने वॅक्स घातलं. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, म्हणून दोन्ही वेगळी होत नाहीत. आठवडा झाला तरी क्रीम जसंच्या तसं!

आईने हाताला लावून पाहिलं. "झकास झालंय. पण यात अर्धंअधिक पाणीच ना? टाचांना आपलं भिरंडेलच बरं."

मी जाम भडकले. क्रीमची ती डबी मीच वापरून संपवली.

थंडीत माझ्याच टाचा फुटल्या. आता माझ्याही चादरीला पायाशी तेलकट डाग असतात. आई ते बघते आणि वितळलेल्या भिरंडेलाची पळी माझ्यापुढे सरकवते. तेच झोंबतं.