भाऊंचा रिमोट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कोकणातला असूनही नव्हता! आता पंच्याहत्तरी उलटली, खोटं सांगून मिळवायचं काही राहिलेलं नाही. उलट एक जुनं खोटं परत घ्यायचं आहे, म्हणून हे लिहितोय.

मिठबावच्या घरी माझे थोरले भाऊ एकटेच राहायचे. लग्न केलं नाही, आंब्याची कलमं सांभाळली. दोन वर्षांपूर्वी मी मुलाकडे कॅनडाला निघालो, तेव्हा न्यायला आलेल्या मुलाने घरच्या सेट-टॉप बॉक्सला एक छोटी पेटी जोडून दिली. घरचे सगळे चॅनल मला तिकडे इंटरनेटवरून लॅपटॉपवर दिसणार, बदलताही येणार. अडचण एकच – मी लावीन तोच चॅनल भाऊंच्या टीव्हीवर, आणि त्यांनी रिमोटने बदलला की माझाही बदलणार.

निघताना मी तो रिमोट माझ्या बॅगेत टाकला. सगळ्यांना सांगितलं, चुकून आला. चुकून नाही... मुद्दाम आणला. भाऊंना संध्याकाळी भजन लागायचं, मला क्रिकेट.

शेजारच्या शालनवहिनी फोनवर म्हणायच्या, "भाऊ तुमची म्याच बघत बसतत. कळणा काय नाय, पण बघतत!" मी हसायचो.

त्या दिवशी तिकडे सकाळ होती, मिठबावला संध्याकाळचे साडेपाच. मॅच ऐन रंगात आणि अचानक चॅनल बदलला – भजन. मी पुन्हा क्रिकेट लावलं. पुन्हा भजन. तिसऱ्यांदा तेच! भाऊंनी नवा रिमोट आणला असणार... माझं डोकं फिरलं. त्यांना फोन लावला, उचलेनात. मग वहिनींना लावला. "जरा जाऊन बघा, आमच्या भाऊंना रिमोट कोणी आणून दिला ते!"

दहा मिनिटांनी त्यांचा रडत फोन. "भाऊ मागल्या दारी पडलेत हो! दुपारपासून पडललेत, उठाक जमणा नाय!"

खुब्याचं हाड मोडलं होतं, डोक्याला खोक. डॉक्टर म्हणाले, रात्र तशीच गेली असती तर हाती लागले नसते.

पुढच्या दाराला आतून कडी. घरात दुसरं कोणी नाही, नवा रिमोटही नाही. टीव्हीवर भजन चालू. पुढे मुलाने पेटीतली नोंद तपासली, तर तिच्यात फक्त माझेच हुकूम – क्रिकेट, क्रिकेट, क्रिकेट.

गावभर माझं कौतुक झालं. साता समुद्रापलीकडे भावाला कळलं, रक्ताची ओढ म्हणतात ती ही! मी काळजीने नाही, रागाने फोन केला होता, हे कुणालाच सांगितलं नाही.

यंदा परत आलो. भाऊ काठी टेकत पडवीपर्यंत येतात. त्यांच्या हातात रिमोट ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"माका ठावक होता," भाऊ म्हणाले. "तू बॅगेत घालताना मी बघितलंय."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तुका थंय घरचा दुसरा काय दिसाचा रे? माका हयसर दर्या आसा, कलमा आसत."

मी विचारलं, "पडललंस तेवा काय करी होतंस?"

"भजन म्हणी होतंय. आणि काय करतलंय? तुझी म्याच?"

चॅनल कोणी बदलला, ते भाऊंना माहीत नाही, मलाही नाही. तारा जाणणाऱ्या दोघांना विचारलं, त्यांनी पेटी उलटीपालटी करून परत दिली. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. ज्याने बदलला त्याला मात्र मी रोज हात जोडतो. माझ्या रागाचासुद्धा त्याने उपयोग करून घेतला.

रिमोट आता भाऊंच्या उशाशी असतो. मला हवा तर मागून घेतो. कालच म्हणाले, "दोन ओव्हरी बघ... मगे माझा भजन."