बटणकाका आणि पुरलेली अंगठी

"सोनं ऐकायचं असेल तर आधी कचरा ऐकावा लागतो," असं बटणकाका एकदा म्हणाले होते.

म्हणाले ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभे राहून. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला नुसती ओली वाळू, आणि हातात चमकी कागदांनी फुगलेली पिशवी. या एका वाक्यापर्यंत पोचायला त्यांना सकाळपासून दुपारचे चार वाजले. त्याआधीची बत्तीस वर्षं धरायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

ती बत्तीस वर्षं काकांनी सरकारी दवाखान्यात लोकांचे कान तपासण्यात घालवली. तपासणीची खोली लिफ्टएवढी, भिंतींना भोकाभोकांचा पुठ्ठा. दार लावलं की बाहेरचं जग संपलं. आत खुर्चीवर माणूस, काचेपलीकडे काका. "आवाज आला की बटण दाबा," हे वाक्य ते दिवसातून तीस वेळा म्हणत. नाव त्यावरूनच पडलं. आवाज नसताना बटण दाबणारे होते, आवाज येऊनही उगाच भाव खाणारे होते, आणि बायकोकडे बघून मगच दाबणारेही होते. काका सगळ्यांना ओळखून होते.

घरी मात्र काकूंचा आवाज सकाळी सहाला सुरू व्हायचा. दूध, नळ, शेजारीण, शेजारणीचा नळ. काकांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कानात एक चाळणी बसवून घेतली. कामाचं तेवढं आत, बाकी बाहेर. कामाचं काय, ते काकाच ठरवत.

निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी विचारलं, काय देऊ? लोक घड्याळ मागतात. काकांनी मेटल डिटेक्टर मागितला. घरापासून समुद्र दहा मिनिटांवर, सुट्टीच्या दिवशी सारं गाव तिथे लोटतं, पाण्यात हात गार पडले की बोटं बारीक होतात आणि अंगठ्या निसटतात, असा त्यांचा सरळ हिशोब होता. शिवाय कान रिकामे राहणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात काकांनी वाळूतून एकेचाळीस चमकी कागद, शीतपेयांच्या डब्यांच्या सतरा कड्या आणि एक चमचा काढला. काकूंनी ते खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवलं.

"चॉकलेटं खाल्ली कुणी आणि कागद कुणाच्या घरात!" काकू म्हणाल्या. "अहो, चमचा तेवढा बरा आहे हो. जोडीचा आणा की."

काकांना ते लागलं. त्या रात्री त्यांनी मशीनबरोबर आलेली पुस्तिका पाठ केली. प्रत्येक धातूला मशीन एक आकडा देतं. लोखंड तळाला, चमकी कागद आणि कड्या मधे, जाडजूड नाणी वर. ज्या आकड्याचं तोंड पाहायचं नसेल तो बंद करून टाकायचा. काकांनी तळापासून कडीपर्यंत सगळं बंद केलं. मशीन एकदम खानदानी झालं. दोन दिवस काका किनारा पिंजत होते आणि मशीन हूं की चूं करेना.

"एक कागदसुद्धा नाही?" काकूंनी तिसऱ्या दिवशी विचारलं. "मेलं की काय ते?"

ही शंका काकांनाही होतीच. दवाखान्यात ते रोज सकाळी आधी स्वतःच्या कानाला यंत्र लावून बघत, मगच पहिला पेशंट आत. तपासल्याशिवाय यंत्रावर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मशीन सोनं ऐकतं का, हे पाहायचं तर नमुन्याला सोनं हवं. आणि घरात सुटं सोनं एकच होतं: काकूंच्या बोटातली बारीकशी अंगठी, त्यांच्या आईने शेवटच्या आजारपणात स्वतःच्या बोटातून काढून दिलेली. तीस वर्षांत ती उतरली नव्हती. साबण लावून, बोट वर धरून, दहा मिनिटांच्या झटापटीनंतर ती निघाली. बोटावर पांढरा पट्टा राहिला.

अंगठी देताना काकू बोलत होत्या. दुधाबद्दल, नळाबद्दल, आईबद्दल, पुन्हा नळाबद्दल. चाळणीतून आत पोचलं ते एवढंच: "अंधार पडायच्या आत माझ्या बोटात परत पाहिजे."

ओहोटी लागली होती. काकांनी पाण्याजवळच्या ओल्या वाळूत, पायऱ्यांच्या बरोबर समोर, चार बोटं खोल अंगठी पुरली, वर खूण म्हणून आपली उजवी चप्पल ठेवली आणि मशीनची तबकडी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. मशीन ध्यानस्थ. काका वाकून आकडे वाचत असताना कुठूनसं एक कुत्रं आलं आणि चप्पल घेऊन पळालं.

आता इथे शहाण्या माणसाने चप्पल सोडली असती. काका कुत्र्यामागे धावले. कुत्र्याला वाटलं खेळच आहे. शंभर पावलांनंतर ते चपलेसकट पाण्यात शिरलं आणि काका मागे वळले. तेवढ्यात एक आगाऊ लाट येऊन त्यांची पावलं पुसून गेली होती. समुद्र दिवसभर स्वतःचंच लिहिलेलं खोडत असतो. काकांचं काय ठेवणार? रुंद पायऱ्यांसमोर मागे राहिली ती ओली, राखाडी, सगळीकडे सारखी वाळू.

घाबरलेला माणूस आवाज मोठा करतो. काकांनी मशीनची सेन्सिटिव्हिटी टोकाला नेली आणि बंद केलेले सगळे आकडे उघडले. मशीन जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. इथे टूं, तिथे टूं, हवेत उचललेली तबकडी खाली आणली तरी टूं. अख्खा किनारा सोन्याचा असावा तसा.

"अहो बटणवाले!" मागून कुणीतरी ओरडलं. "ते मीठ ओरडतंय, मीठ!"

ती बेकरीवाली होती. पहाटेची भट्टी उरकली की ती स्वतःचं मशीन घेऊन किनाऱ्यावर यायची. एकाच कानाला हेडफोन, बाह्यांना पीठ.

"ओळखलंत का? डावा कान कामातून गेला म्हणाला होतात माझा. दोन वर्षं झाली."

"गेलाच होता तो," काका म्हणाले. अशा अवस्थेतही त्यांनी निदान मागे घेतलं नाही.

"असू दे. उजव्याने चार चेन काढल्यात मी इथून. तुमचं काय हरवलंय?"

काकांनी सांगितलं. बाई इतकी हसली की तिच्या बाह्यांवरचं पीठ उडालं.

"खारी ओली वाळू स्वतःच वाजते हो. समुद्रकिनाऱ्याचा मोड लावा. लागला? आता सेन्सिटिव्हिटी कमी करा. अजून. मशीन गप्प होईस्तोवर करा, लाजू नका. आता तबकडी जागेवरच वरखाली करून वाळूची सवय लावा त्याला. हं. आणि फिरवताना जमिनीला समांतर, सावकाश. झाडू मारताय का?"

"आणि बंद काय काय करू?"

"काही नाही. बारीक सोनं आणि चमकी कागद, मशीनला दोघं सख्खे भाऊ. एकाला दार लावलंत की दुसराही बाहेर."

"म्हणजे कागद वाजला तरी खणायचं?"

"जे वाजेल ते खणायचं."

काका खणू लागले. कागद. कडी. कागद. कागद. आयुष्यभर गाळलेलं सगळं एका दुपारी त्यांच्या फावड्याखाली येत होतं. आज साडेपाचला भरतीचं पाणी पायऱ्यांना टेकणार, हे त्यांना ठाऊक होतं. पिशवी भरत गेली. पावणेचारला तबकडीखाली तोच मवाळ, मधला, कागदासारखा आवाज आला. काकांनी कंटाळून वाळू उपसली आणि तिच्यात पिवळं काहीतरी चमकलं.

ते धावतच घरी आले. अंगठी टेबलावर ठेवली, पिशवी वर धरली आणि ते वाक्य म्हणाले.

काकूंनी वाक्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी अंगठी उचलली आणि बोटात घातली. साबण लागला नाही. ती सुर्रकन खाली गेली आणि पांढऱ्या पट्ट्यावर गोल गोल फिरू लागली. मग त्यांनी ती अंगठ्यात घालून पाहिली. तिथे बरोबर बसली.

"अहो," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "ही कुणाची?"

काकांनी वाकून पाहिलं. बायकोची अंगठी त्यांनी तीस वर्षं रोज पाहिली होती, म्हणजे कधीच पाहिली नव्हती.

"माझ्या आईची कुठंय?"

काकांनी पायऱ्या, चप्पल, कुत्रं, लाट, सगळं सांगून टाकलं.

"सकाळी मी काय म्हणाले होते?"

"अंधार पडायच्या आत..."

"त्याच्या आधी. दूध नासलंय म्हणाले आणि नळवाल्याला फोन करा म्हणाले, त्याच्या मधे."

काकांनी आठवून पाहिलं. दूध होतं. नळ होता. मधे फक्त शांतता होती.

"दोरा बांधून पुरा म्हणाले होते. दोऱ्याचं टोक हातात ठेवा म्हणाले होते. दोनदा म्हणाले."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. काकू उठल्या, शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि टेबलावर, त्या परक्या अंगठीशेजारी ठेवलं. मग त्या बोलू लागल्या. आईच्या हाताबद्दल, तो शेवटी किती हलका झाला होता त्याबद्दल, अंगठीच्या आतल्या बाजूला असलेल्या बारीक ओरखड्याबद्दल, दुधाबद्दल, नळाबद्दल. काका दारात उभे राहून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिले.

मग त्यांनी मशीन खांद्यावर टाकलं, रीळ खिशात घातलं, उरलेली डावी चप्पलही काढून ठेवली आणि ते बाहेर पडले.